आधी गोळी की आधी तपास?

दोन वर्षांचं मूल. आठ-दहा दिवस अंगात कणकण, मधूनच खोकला, रात्री छातीत घरघर, खाण्यावरची वासना उडालेली. डॉक्टर पोट दाबून पाहतात तर उजव्या बरगडीखाली लिव्हर दोन बोटं खाली उतरलेलं लागतं. रक्त तपासायला जातं. रिपोर्टात हिमोग्लोबिन कमी असतं, त्याची एव्हाना सगळ्यांनाच सवय झालेली असते. पण त्याच कागदावर जरा खाली, पांढऱ्या पेशींच्या वर्गवारीत, जिथे इओसिनोफिल एक ते सहा टक्के असायला हवेत तिथे 48 छापलेलं असतं. एकूण पांढऱ्या पेशी 22 हजार. गुणाकार केला तर रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दहा हजारांहून जास्त इओसिनोफिल. एरवी पाचशेच्या आत असतात ते.

असा कागद समोर आला की दोन वाटा फुटतात. पहिली सोपी: 'जंत असतील, औषध देऊन बघू.' दुसरी लांबची: मुलाला शहरात पाठवा, सोनोग्राफी करा, अँटिबॉडीची तपासणी करा, गरज पडली तर लिव्हरचा तुकडा काढून पाहा, आणि मगच औषध द्या. बालरोगतज्ज्ञांमध्ये दोन्ही मतांची माणसं आहेत आणि दोन्हीकडे विचारी माणसं आहेत. या दोन वाटांचं वजन नीट करून पाहावं असं आम्हाला वाटतं, कारण चूक झाली तर किंमत मोजणारं मूल स्वतःचं दुखणं सांगण्याच्या वयाचंही नसतं.

अशा मुलांमागचा आजार ओळखला कसा गेला, ते आधी पाहायला हवं. 1949 साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातल्या मुलांच्या रुग्णालयात वुल्फ झुएल्झर आणि लिओनार्ड अॅप्ट या दोन डॉक्टरांनी एक लांबलचक निबंध प्रसिद्ध केला. लहान मुलं, रक्तात बेसुमार इओसिनोफिल, वाढलेलं लिव्हर. आणि त्या लिव्हरच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या गाठी, ज्यांच्याभोवती इओसिनोफिलांचा वेढा पडलेला. वर्णन इतकं नेमकं होतं की आजही त्यात फारशी भर घालावी लागत नाही. कारण मात्र हाती लागलं नव्हतं. पुढच्याच वर्षी, 1950 मध्ये, हेलेनॉर वाइल्डर या नेत्रविकृतिशास्त्रातल्या संशोधक बाईंनी 46 डोळे पुन्हा तपासले. बहुतेक डोळे मुलांचे होते, पडद्याच्या कर्करोगाच्या संशयाने किंवा तशाच एखाद्या निदानाने शस्त्रक्रिया करून काढलेले. त्यांतल्या 24 डोळ्यांत एका सूक्ष्म कृमीची अळी किंवा तिचे अवशेष सापडले. हे वाचताना आजही हात थबकतो. कर्करोग नव्हताच, डोळा मात्र गेला होता.

1952 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठातले परजीवीतज्ज्ञ पॉल बीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन मुलांची हकिकत मांडली आणि कोडं सुटलं. लिव्हरच्या तुकड्याचे पातळ काप एकामागून एक तपासताना त्यांना अळी दिसली: लांबी अर्ध्या मिलिमीटरहून कमी, रुंदी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढी. ती टॉक्सोकाराची होती, म्हणजे कुत्र्या-मांजरांच्या आतड्यात राहणाऱ्या गोल जंताची. या आजाराला त्यांनी 'व्हिसरल लार्व्हा मायग्रन्स' हे नाव दिलं.

ही अळी लिव्हरमध्येच का सापडते, याचं उत्तर शरीराच्या रचनेत आहे. मातीतून मुलाच्या तोंडात गेलेलं अंडं लहान आतड्यात फुटतं, अळी आतड्याची भिंत भेदून रक्तात शिरते, आणि आतड्यातलं सगळं रक्त आधी यकृतातून गाळलं जातं. तिथून पुढे काही अळ्या फुप्फुसात जातात (म्हणून खोकला आणि घरघर), काही त्याहून दूर डोळ्यात किंवा मेंदूत. कुत्र्याच्या पोटात ही अळी मोठी होऊन अंडी घालते. माणसात तिला ते साधत नाही. ती वाढत नाही, पण मरतही नाही. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं भटकत राहते. इओसिनोफिल तिच्यावर चाल करून जातात तेव्हा ती अंगावरचं आवरण सोडून निसटते आणि पेशी त्या रिकाम्या आवरणाशीच झुंजत राहतात. लिव्हरमध्ये जो दाह दिसतो तो अळीने केलेल्या जखमेपेक्षा या झुंजीचाच जास्त असतो.

यातून एक गोष्ट निघते, जी दवाखान्यात फार वेळा विसरली जाते. माणसात ही अळी अंडीच घालत नाही, त्यामुळे शौचाच्या तपासणीत ती कधीच दिसत नाही. 'स्टूल नॉर्मल आहे, म्हणजे जंत नाहीत' हा निष्कर्ष या आजारापुरता निरर्थक आहे. आणि मुलाच्या शौचात नेहमीचे जंत सापडले तरी लिव्हर त्यांच्यामुळेच सुजलं असं सिद्ध होत नाही.

आता पहिल्या वाटेचं वजन. अल्बेंडाझोल हे औषध स्वस्त आहे, तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि बहुतेक मुलांना ते बाधत नाही. टॉक्सोकाराची अँटिबॉडी तपासणी मात्र मोठ्या शहरांतल्या मोजक्या प्रयोगशाळांत होते आणि तिचा निकाल फसवा असू शकतो. ती होकारार्थी आली तर एवढंच कळतं की या मुलाच्या शरीराची कधी ना कधी या अळीशी गाठ पडली होती. आत्ताचं दुखणं तिचंच आहे का, हे ती सांगत नाही. शिवाय पोटातल्या नेहमीच्या जंतांमुळेही ती खोटी होकारार्थी येऊ शकते. जगभरातल्या अभ्यासांचा 2019 मध्ये जो एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात सुमारे 19 टक्के माणसांच्या रक्तात या अँटिबॉडी आढळल्या. इतक्या लोकांत जे सापडतं ते एका आजारी मुलात सापडलं म्हणून त्याचं निदान झालं, असं कसं म्हणायचं? तुकडा काढून पाहावा तर सुई नेमकी अळीपर्यंत पोहोचेल याची खात्री नाही. मग रोजंदारी बुडवून, एसटीचे दोन-दोन प्रवास करून, कर्ज काढून आईबापांनी मिळवायचं काय? एक संदिग्ध कागद. 'देऊन बघू' म्हणणाऱ्या डॉक्टरला आळशी म्हणणं अन्यायाचं होईल. त्याला आपल्या गावच्या माणसांची ऐपत ठाऊक असते.

शिवाय या उपायाला आपल्याकडे परंपराही आहे. 1940 मध्ये मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातून फ्रिमोट-म्योलर आणि बार्टन यांनी क्षयासारख्या दिसणाऱ्या पण इओसिनोफिल वाढलेल्या रुग्णांची नोंद केली. 1943 मध्ये वाइनगार्टेन यांनी 'द लॅन्सेट'मध्ये 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' हे नाव रूढ केलं. त्याचं मूळ हत्तीरोगाच्या कृमीत आहे हे पुढे कळलं आणि डीईसी, म्हणजे आपल्या तोंडात बसलेलं हेट्राझान, त्यावर लागू पडतं हेही कळलं. तेव्हापासून वाढलेला इओसिनोफिल दिसला की हेट्राझानचा कोर्स, हा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. अनेक रुग्ण त्याने बरे झाले, हे खरंच आहे.

पण याच रिवाजात दुसऱ्या वाटेचं सगळ्यात मोठं वजन दडलेलं आहे. इओसिनोफिल हा एक इशारा आहे, निदान नव्हे. लहान मुलांत तो वाढण्याची सगळ्यात नेहमीची कारणं म्हणजे दमा आणि त्वचेची ॲलर्जी, आणि त्यात आकडा सहसा फार वर जात नाही. आकडा खूप वर गेला आणि लिव्हरही वाढलेलं असलं तर यादी गंभीर होते. फिट्सच्या औषधांची प्रतिक्रिया असू शकते, त्यात औषध तात्काळ बंद करावं लागतं. क्वचित रक्ताचा कर्करोग इओसिनोफिल वाढवूनच पहिल्यांदा दिसतो. अशा मुलाला पाच दिवस जंताचं औषध, मग पंधरा दिवस वाट, मग दुसरं औषध, असे दोन महिने गेले तर ते दोन महिने परत मिळत नाहीत.

दुसरा धोका स्टेरॉइडचा. छातीत घरघर आहे म्हणून मुलाला आधीच स्टेरॉइडचं सिरप दिलेलं असतं. स्टेरॉइडने रक्तातले इओसिनोफिल झपाट्याने खाली येतात आणि सगळ्यांना वाटतं आजार गेला. खाली गेला तो आकडा. लिव्हरमधली अळी आहे तिथेच आहे. त्यातून मुलाच्या पोटात स्ट्राँगिलॉइड्स नावाचा दुसरा जंत असेल तर स्टेरॉइडने तो शरीरभर पसरून जिवावर बेतू शकतं. दुसरीकडे, टॉक्सोकाराने फुप्फुस किंवा डोळा गंभीर दुखावला असेल तर दाह आटोक्यात आणण्यासाठी स्टेरॉइडच द्यावं लागतं. एकच औषध एका मुलाला तारतं आणि दुसऱ्याला बुडवतं, आणि त्या दोघांतला फरक केवळ रक्ताच्या रिपोर्टावरून कळत नाही.

तिसरी गोष्ट आपल्या देशाच्या अनुभवातली. लिव्हरच्या तुकड्यात गाठी दिसल्या की आपल्याकडे पहिला संशय क्षयाचा येतो, आणि तो येणं स्वाभाविक आहे. पण गाठीभोवती इओसिनोफिलांची गर्दी असेल तर पॅथॉलॉजिस्टने तसं ठळकपणे लिहायला हवं आणि डॉक्टरने ते वाचायला हवं, नाहीतर मुलाला सहा महिने क्षयाची औषधं घ्यावी लागतात. त्यातली काही औषधं आधीच सुजलेल्या लिव्हरवरच ताण आणतात.

'औषध दिलं आणि मूल बरं झालं' हा पुरावाही दिसतो तितका भक्कम नाही. टॉक्सोकाराचा दाह पुष्कळ मुलांत आपोआप ओसरतो, काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. अल्बेंडाझोल या आजारासाठी दिलं जातं, सर्वसाधारणपणे 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. पण ऊतींत लपलेल्या अळीवर ते किती प्रभावी ठरतं यावर मोठ्या चाचण्या फारशा झालेल्या नाहीत. म्हणजे बरं झालेल्या मुलाच्या बाबतीत श्रेय गोळीचं की काळाचं, हे डॉक्टरलाही ठरवता येत नाही.

इथेच एक गैरसमजही दूर करायला हवा. 2015 पासून आपल्याकडे राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीत आणि शाळेत अल्बेंडाझोलची एक गोळी, एक ते दोन वर्षांच्या मुलांना अर्धी. ही मोहीम चांगली आहे, चालूच राहायला हवी. पण तिचा रोख माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जंतांवर आहे. वर्षातून दोनदा घेतलेल्या एका गोळीने लिव्हरमधली कुत्र्याच्या जंताची अळी मरेल असं समजणं चूक आहे. 'अंगणवाडीत गोळी दिलीये, त्यामुळे जंत नाहीत' असं आई सांगते तेव्हा तिचं काही चुकलेलं नसतं. तिला पुरतं सांगण्यात आपण कमी पडलेलो असतो.

मग निवाडा काय? आम्हाला वाटतं, वाद गोळीचा नाहीच, गोळीआधीच्या अर्ध्या तासाचा आहे. शहरातल्या महागड्या तपासणीसाठी प्रत्येक मुलाला अडवून धरू नये, हे मान्य. पण त्या अर्ध्या तासात जे तालुक्याच्या ठिकाणी होऊ शकतं ते झाल्याशिवाय चिठ्ठी लिहू नये. मूल माती खातं का, घरात किंवा अंगणात कुत्र्याची पिल्लं आहेत का, गेल्या दोन महिन्यांत कुठलं नवं औषध सुरू केलं, स्टेरॉइड दिलं गेलं का, हे विचारायला पैसे लागत नाहीत. रक्ताची काच पॅथॉलॉजिस्टने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी, कारण मशीनने छापलेल्या टक्केवारीत कर्करोगाच्या कोवळ्या पेशी निसटू शकतात. सोनोग्राफी आता बहुतेक तालुक्यांत होते आणि लिव्हरमधले लहान काळसर ठिपके तिच्यात दिसू शकतात. डोळ्यांची तपासणी तर कधीच टाळू नये. डोळ्यात शिरलेल्या अळीचा एक फसवा स्वभाव असा की अशा मुलाच्या रक्तात इओसिनोफिल बहुधा वाढलेलेच नसतात, म्हणजे आकड्यावर विसंबणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते. आणि दोन-तीन वर्षांचं मूल एका डोळ्याने दिसत नाही, अशी तक्रार करत नाही.

इतकं झाल्यावर चित्र जुळत असेल तर गोळी द्यावी, खुशाल द्यावी. मात्र चिठ्ठीवर औषधाखाली पुढच्या रक्ततपासणीची तारीखही लिहावी. काच संशयास्पद असेल, प्लेटलेट घसरलेल्या असतील, मूल पांढरंफटक पडलं असेल किंवा हाडं दुखतात म्हणून रडत असेल, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पाठवावं. अशा वेळी जंताच्या औषधाचा प्रयोग करत बसायला वेळ नसतो.

हे झालं दवाखान्याच्या आतलं. पण मूल बरं होऊन त्याच अंगणात परत जातं, आणि आम्हाला जास्त काळजी वाटते ती त्या अंगणाची.

आपल्या कुठल्याही शहराच्या कडेला इमारतीचं काम चालू असलेली जागा पाहा. रस्त्यालगत वाळूचा मोठा ढीग. बाजूला पत्र्याची खोली, तिच्यात वॉचमनचं किंवा मजुराचं कुटुंब. आई विटा उचलते, बाप सळ्या बांधतो, आणि त्यांचं दीड वर्षाचं मूल दिवसभर त्या वाळूत. वाळू मऊ आणि कोरडी, म्हणून कुत्रीनेही पिल्लं तिथेच घातलेली असतात, त्या ढिगाच्या सावलीच्या बाजूला. मांजरंही घाण पुरायला तिथेच येतात. मूल मूठ भरून वाळू तोंडात घालतं. कुणी ओरडतं, हात झटकतं, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. जंताची मादी दिवसाला लाखाच्या घरात अंडी घालते, पिल्लाच्या शौचातून ती बाहेर पडतात आणि ओलसर सावलीच्या मातीत वर्षानुवर्षं टिकतात. नेहमीच्या जंतुनाशकांना ती दाद देत नाहीत.

हा गरिबीचा आजार आहे, आणि श्रीमंत देशांतही तो गरिबांचाच आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत 1988 ते 1994 या काळात सुमारे 14 टक्के लोकांच्या रक्तात या अळीच्या अँटिबॉडी सापडल्या. 2011 ते 2014 मध्ये हे प्रमाण सुमारे 5 टक्क्यांवर आलं. दोन्ही वेळा गरीब घरांत ते जास्त होतं. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने ज्या पाच दुर्लक्षित परजीवी आजारांवर लक्ष द्यायचं ठरवलं, त्यांत हा एक आहे.

कुत्र्यांचा प्रश्न आला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एकाला सगळी कुत्री उचलून न्यायला हवी असतात, दुसऱ्याला त्यांना हात लावलेला खपत नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी 11 तारखेला दिल्ली परिसरातली भटकी कुत्री निवाऱ्यात हलवायला सांगितली, मग 22 तारखेला तो आदेश बदलला: नसबंदी करा, जंताचं औषध द्या, लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच सोडा, पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री तेवढी वगळा. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हटवण्याचा आदेश आला. या सगळ्यावर किती चर्चा झाली! चाव्यांवर झाली, रेबीजवर झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. 'जंताचं औषध द्या' या शब्दांवर मात्र जवळजवळ कुणी बोललं नाही. मुलांच्या लिव्हरच्या दृष्टीने त्या आदेशातले ते सगळ्यात मोलाचे शब्द होते.

कुत्री हटवावीत म्हणणाऱ्यांचं एक म्हणणं आम्हाला पटतं: लहान मुलं जिथे रांगतात, खेळतात, तिथे कुत्र्यांचा आणि मांजरांचा वावर नसावा. अंगणवाडीच्या आवाराला कुंपण हवं, खेळायच्या वाळूवर रात्री झाकण हवं. पण कुत्री नेली की धोका गेला, हे खरं नाही. अंडी मातीतच राहतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरी कुत्री येतात. आइसलंडचं उदाहरण इथे विचार करण्यासारखं आहे, जरी तिथला आजार वेगळा, कुत्र्यांच्याच फीतकृमीचा, हायडॅटिडचा होता. एकोणिसाव्या शतकात त्या देशात तो भयंकर पसरलेला होता. 1863 मध्ये डेन्मार्कचे हाराल्ड क्राबे तिथे गेले, त्यांनी अभ्यास केला, लोकांसाठी साध्या भाषेत पुस्तिका लिहिली आणि ती घरोघर पोहोचली. कुत्र्यांना औषध, मेंढीचे टाकाऊ अवयव कुत्र्यांना न घालणं आणि लोकशिक्षण यांनी तो रोग हटला. पुढे 1924 मध्ये रेक्याविकमध्ये कुत्री पाळायलाच बंदी आली, ती 1984 पर्यंत टिकली. पण ती बंदी राजधानीपुरती होती. खेड्यांतल्या मेंढपाळांची कुत्री कुठेच गेली नव्हती आणि तरीही रोग देशभरातून गेला. काम औषधाने आणि माहितीने केलं होतं.

कुत्र्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नसबंदीच्या वेळी दिलेली एक गोळी पुरेशी नाही. नसबंदी मोठ्या कुत्र्यांची होते. अंडी सगळ्यात जास्त पडतात ती पिल्लांच्या शौचातून, कारण आईच्या शरीरात निपचित पडलेल्या अळ्या गाभणपणाच्या शेवटी जाग्या होतात आणि गर्भातच पिल्लांत शिरतात. पिल्लू तीन आठवड्यांचं होतं न होतं तोच त्याच्या शौचात अंडी येऊ लागतात. म्हणून औषध दुसऱ्या आठवड्यापासून, दर पंधरा दिवसांनी, आईसकट द्यायला हवं. नसबंदीचा फायदा खरा आहे, पण तो दुसऱ्या बाजूने होतो: पिल्लंच कमी जन्मली की अंडीही कमी पडतात.

पाळीव कुत्र्यांच्या मालकांना तर कसलीच सबब नाही. रेबीजची लस आठवणीने टोचतात, पिल्लाचं जंताचं औषध मात्र अर्ध्यावर सुटतं, आणि सकाळी फिरायला नेलेल्या कुत्र्याची घाण बागेच्या कडेला तशीच पडून राहते.

एक आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. 'पिल्लांमुळे मुलांचं लिव्हर सुजतं' एवढंच वाक्य मोबाइलवर फिरलं तर उद्या पोत्यात भरलेली पिल्लं नाल्यात पडतील. ही भीती खोटी नाही. असे प्रकार आपल्याकडे होतात. म्हणून काही जण म्हणतात, या आजाराचा गाजावाजा करूच नये, डॉक्टरांपुरतं ठेवावं. आम्हाला ते पटत नाही, कारण वाळूच्या ढिगावर खेळणाऱ्या मुलाची आई वैद्यकीय नियतकालिकं वाचत नाही. पण सांगायचं ते पुरतं सांगावं. पिल्लाच्या ताज्या शौचातलं अंडं लगेच बाधत नाही. आत अळी तयार व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे पिल्लाला कुरवाळण्यात धोका फार थोडा, जुन्या मातीत खरा. आज पडलेली घाण आजच उचलली तर तिच्यातून कुणालाही काही होत नाही. ही माहिती मिळालेला माणूस पिल्लाला मारणार नाही, फावडं हातात घेईल.

आणि माती खाण्याबद्दल. 'लहान मुलं माती खायचीच' असं म्हणून आपण ते सोडून देतो. रांगणारं मूल सगळंच तोंडात घालतं, हे खरं. पण दोन-तीन वर्षांचं मूल हट्टाने, शोधून शोधून माती खात असेल तर पुष्कळदा त्याच्या शरीरात लोह कमी असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची 68.9 टक्के मुलं रक्तक्षयी आढळली; आधीच्या फेरीपेक्षा हा आकडा वाढलेला आहे. या वयाच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचं सिरप द्यायची सरकारी योजना आहे, एका मिलिलिटरमध्ये 20 मिलिग्रॅम लोह. बाटली घरी जाते, दोन दिवस दिली जाते, शौच काळं होतं म्हणून आजी थांबवते. आशाताईंनी 'काळं होतंच, घाबरू नका' हे एक वाक्य बाटलीबरोबर आवर्जून सांगितलं तर बाटली संपेल. या वाक्याने टॉक्सोकारा जाईल असा आमचा दावा नाही. पण मातीकडे जाणारे काही हात त्याने थांबतील, आणि तपासणीच्या सुरुवातीला दिसणारा तो हिमोग्लोबिनचा आकडाही सुधारेल.

पैशाचा प्रश्न येणारच. नगरपालिका म्हणेल, आमच्याकडे रेबीजच्या लशीलाच निधी पुरत नाही. हे म्हणणं उडवून लावता येत नाही. रेबीज मारतो, टॉक्सोकारा क्वचितच मारतो, आणि दोन्हींत निवड करायची वेळ आली तर रेबीज आधी. पण इथे ती वेळ येत नाही. पिल्लांना पाजायचं पायरँटेलचं औषध स्वस्त आहे आणि ते पाजायला शल्यविशारद लागत नाही. कुठल्या गल्लीत कुठल्या कुत्रीने किती पिल्लं घातली, हे महापालिकेला ठाऊक नसलं तरी रोज संध्याकाळी भाकरी घेऊन जाणाऱ्या बायाबापड्यांना आणि पोरांना बरोबर ठाऊक असतं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत अशा खाऊ घालणाऱ्यांना आणि त्यांच्या जागांना मान्यता आहेच. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून त्यांना औषधाची बाटली, वजनाप्रमाणे मात्रा लिहिलेला कागद आणि घाण उचलायची जबाबदारी, हे तिन्ही एकत्र द्यावं. कुत्र्यांवरून भांडणाऱ्या दोन्ही तटांना या एका कामावर आक्षेप घ्यायला जागा दिसत नाही.

वेळही आपल्याकडे सोयीची आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची वीण बहुतेक पावसाळा सरताना होते आणि पिल्लं हिवाळ्यात दिसू लागतात. अंगणवाडीत जंतनाशकाच्या गोळ्या वाटल्या जातात 10 फेब्रुवारीच्या सुमाराला. त्या मोहिमेची तयारी डिसेंबरपासूनच चालू असते, याद्या होतात, गाड्या ठरतात, आशाताई घरोघर जातात. त्याच याद्यांत एक रकाना वाढवून, या घराजवळ पिल्लं आहेत का, एवढं टिपून घ्यावं, आणि तो कागद आरोग्य खात्याने पशुवैद्यकीय दवाखान्याकडे जानेवारी उजाडण्याआधी द्यावा.